रंगकामाचा महिना

११ ऑगस्ट

—आणि भिंत संपली. तिसऱ्या वर्षाची पट्टी हातात, चिकटपट्टीचा तुकडा दातांत, समोर दार! आजवर आम्ही क्वेसारचे, म्हणजे अतिदूरच्या त्या तेजस्वी रेडिओ-स्रोताचे, आलेख एकापुढे एक लावत आलो. आता जागाच नाही. मग दुसऱ्या वर्षाची पट्टी काढून पहिल्याच्या खाली लावली, आणि तिच्याखाली ही तिसरी. मार्चखाली मार्च, जूनखाली जून.

मागे सरकून बघितलं. मार्चमध्ये रेघ थरथरते, तासाभरात वर जाऊन खाली येते. जूनमध्ये संथ. ऑगस्टमध्ये पेंगुळलेली. सप्टेंबर कोरा, तेव्हा अँटेना रंगकामासाठी बंद असते. नोव्हेंबरात रेघेला पुन्हा जाग येते.

तिन्ही वर्षं असंच. खुर्चीत बसले. चिकटपट्टी दातांत तशीच.

१२ ऑगस्ट

नीट मांडून बघते.

चालत्या गाडीतून कुंपणापलीकडचा दिवा लुकलुकताना दिसतो. गाडी थांबली की लुकलुक थांबते. दिवा मुळात स्थिरच असतो. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत विरळ वायू वाहतो. तो आपलं कुंपण, आणि पृथ्वी आपली गाडी. अर्धं वर्ष आपण त्या वायूच्या उलट जातो, रेडिओची रेघ थरथरते. अर्धं वर्ष त्याच्याबरोबर जातो, रेघ मंदावते. बरोबर त्याच्याच चालीने चालण्याचे दिवस आले, तर थरथर थांबायला हवी. आलेखांवरून ते दिवस सप्टेंबरात पडतात, आणि सप्टेंबरच कोरा.

पण क्वेसार स्वतःच लुकलुकत असेल तर? तर तो बारा महिने सारखाच लुकलुकेल. इतक्या दूरच्या वस्तूला आपला सप्टेंबर कुठून कळणार!

माझ्या नवऱ्याचा सगळा डोलारा 'क्वेसार स्वतःच लुकलुकतो' यावर उभा आहे. तासाभरात कमीजास्त होणारी एवढी तेजस्वी वस्तू कुणी पाहिलेली नाही. ती ह्याने शोधली. ऑक्टोबरात समिती येणार, ह्याला शहरातल्या केंद्राचं प्रमुखपद मिळणार, आणि आम्ही इथून सुटणार.

सुटायची घाई त्याच्यापेक्षा मला जास्त आहे. हेही लिहून ठेवते.

१४ ऑगस्ट

घरात दोन खिडक्या. एकीतून अँटेना दिसते, दुसरीतून आमच्यासारख्याच घराची पाठ. त्या घरात कुणी राहत नाही. मोबाइल फाटकावर जमा करायचा. पेट्रोलची गाडी आत आणायची नाही, तिच्या ठिणग्यांचाही अँटेनाला त्रास होतो. सासूबाईंची गरम पाण्याची पिशवी विजेची निघाली, तीही फाटकावर गेली. त्या चौकीदाराला म्हणाल्या, "तुरुंगात निदान भेटीचा वार तरी असतो."

तो हसला. मी नाही हसले.

१९ ऑगस्ट

दोरीवर कपडे वाळत घालताना सासूबाईंनी विचारलं, हल्ली तुझं लक्ष कुठे असतं. सांगितलं. कुंपण, दिवा, वायू, सगळं. चादर पिळता पिळता त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे तो दिवा बिचारा आपल्या जागी शांत, आणि हलतंय ते मधलंच. सासूसुनांचं दुसरं काय असतं?"

मग चादरीचं टोक माझ्या हातात दिलं आणि हळूच विचारलं, "त्याला माहीत आहे?"

२२ ऑगस्ट

रंगकामाच्या फोरमनला सहज विचारलं, दरवर्षी सप्टेंबरच का? त्या महिन्यात तर वारा असतो. तो चिडलाच. म्हणाला की तेच तो तीन वर्षं सांगतोय. वाऱ्याने रंग उडतो, पोरं परांचीवर जीव मुठीत धरून उभी असतात. एप्रिलसारखा महिना नाही. "पण तुमचे साहेब ऐकतील तर शप्पथ. सप्टेंबर म्हणजे सप्टेंबर. आमच्या घरची लग्नंसुद्धा इतक्या पक्क्या मुहूर्तावर होत नाहीत, मॅडम."

२३ ऑगस्ट

ह्याला विचारलं नाही.

२४ ऑगस्ट

आजही नाही.

२७ ऑगस्ट

दुपारी हा घरी जेवायला आला. सासूबाई आत पडल्या होत्या. मी विचारलं, रंगकाम सप्टेंबरातच का?

त्याने आधी पाणी प्यायलं. मग म्हणाला, पहिल्या वर्षी खरंच योगायोग होता. दुसऱ्या वर्षी ऑगस्टची रेघ बघून शंका आली. तिसऱ्या वर्षी फोरमनने एप्रिल मागितला तेव्हा तोंडातून 'नाही' निघून गेलं.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं नव्हतं."

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. त्याने ताट उचललं, धुतलं, पुसून ठेवलं. दाराशी थांबून म्हणाला, यंदाचं यंदा जाऊ दे. शहरात गेलो की पुढच्या सप्टेंबरात तूच निरीक्षण कर, मीच तुला अँटेना मिळवून देईन.

वाईट हे की सौदा मला पटला. संध्याकाळपर्यंत मनात शहरातल्या घराचे पडदेसुद्धा शिवून झाले.

३१ ऑगस्ट

समितीपुढच्या भाषणाच्या तयारीला हा दहा-बारा दिवसांसाठी शहरात गेला. जाताना माझ्याकडे बघून काहीतरी विचारणार होता. विचारलं नाही. मी त्याच्या हातात डबा दिला.

२ सप्टेंबर

फोरमन आला. सोमवारपासून परांची बांधू का? कागदावर सही लागते. साहेब नाहीत, तुमची चालते.

त्याच्या हातातलं पेन घेतलं. टोपण काढलं. तो वाट बघत होता. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. मला समोर शहर दिसत होतं, खरंच दिसत होतं. रहदारी, गोंगाट, कुणाच्या तरी हातात वाजणारा फोन.

"एप्रिलात बांधा," म्हटलं.

तो इतका खूश झाला की त्याने मला दोनदा नमस्कार केला. मी पेनाला टोपण लावून परत दिलं.

९ सप्टेंबर

सरळ.

सकाळपासून क्वेसार मावळेपर्यंत रेघ सरळ. फूटपट्टी धरून ओढल्यासारखी. रिसीव्हर तपासला, ठीक. दुसऱ्या ओळखीच्या स्रोताकडे अँटेना वळवून बघितली, ठीक. परत क्वेसारकडे आले, सरळ!

एवढ्या लांबचा तो दिवा, आणि मधलं कुंपण आज आपल्याबरोबर चालतंय. खोलीत एकटीच होते. मोठ्याने हसले. मग दार लावून घेतलं.

१२ सप्टेंबर

हा परतला. मी आलेख टेबलावर ठेवला.

रिसीव्हर तपासलास? हो. दुसरा स्रोत? हो. मला वाटलं ओरडेल, कागद फाडेल. तो जेवला. पोटभर. मग आडवा झाला आणि भरदुपारी गाढ झोपला. लग्नानंतर त्याला दिवसा झोपलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

सासूबाई त्याच्या अंगावर पांघरूण घालून बाहेर आल्या. म्हणाल्या, "लहानपणी खोटं पकडलं गेलं की असाच झोपायचा."

५ ऑक्टोबर

समिती येऊन गेली. ह्याने तयार केलेलं भाषण केलंच नाही. भिंतीपुढे उभा राहिला आणि सांगितलं, माझं चुकलं, हे हिने शोधलं. आवाज स्पष्ट होता. मला त्याचा अभिमान वाटला आणि स्वतःची भीती.

प्रमुखपद अर्थातच गेलं. पण समितीला वायूचंच वेड लागलं. इतका जवळ, इतका सपाट ढग, आणि कुणाला पत्ता नव्हता! तो किती जाड आहे, कुठे सरकतोय, सरकून निघूनच जातो का, यासाठी तीन वर्षं दर महिन्याला मोजायला हवं. एकही महिना चुकवून चालणार नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

इथे राहायचं आहे का, असं कुणी विचारलं नाही.

१६ ऑक्टोबर

ह्याला शहरातल्या एका कॉलेजात शिकवायला घेतलं. मन हलकं झालंय त्याचं, बॅगा भरताना शीळ घालत होता. एक त्याची, एक सासूबाईंची. मी स्टुलावर चढून माळ्यावरून तिसरी खाली काढली, धूळ झटकली.

तो थांबला. खरंच गोंधळला होता.

"अगं, ती कशाला? तुझं काम तर आता सुरू झालंय."

सासूबाई घडी घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

१७ ऑक्टोबर

सकाळी डिझेलची जीप आली. हा आणि सासूबाई गेले. मी तीन वर्षांच्या करारावर सही केली आणि कामावर गेले.