पहिलटकरीण

४ नोव्हेंबर, आचरा

आले एकदाची. एसटीतून उतरल्या उतरल्या सासूबाईंनी हातातली बॅग हिसकावून घेतली. त्यांची उंची जेमतेम पाच फूट, पण आवाज खाडीपलीकडे पोचेल. सर्वेश परवा जहाजावर चढला. सहा महिने पनवेलला एकटीनं राहण्यापेक्षा आईकडे जा, हे त्याचंच म्हणणं. घरामागे माड, त्यामागे खाडी. दुपारी बांगड्याचं तिखलं दोनदा मागून खाल्लं. सातारची असून काटे बरे काढते, असं शेजारच्या राधाबाईंनी सर्टिफिकेट दिलं.

पाच आठवडे झालेत. मळमळ नाही, काही नाही. सकाळी कॉफीसुद्धा मजेत पिते. सासूबाई सगळ्या वाडीला सांगून मोकळ्या झाल्या, आमची सून पयलटकरीण आसा. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजली.

१२ नोव्हेंबर

सकाळी रक्ताचे डाग दिसले. सासूबाई रिक्षा करून मालवणला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. सोनोग्राफीत एकच इवलासा ठिपका, ठोके लागलेले. सहा आठवडे तीन दिवस, अगदी तारखेबरहुकूम. मग त्यांनी विचारलं, याआधी कधी गर्भ गेलाय का? गेला असेल आणि आता रक्त दिसत असेल, तर प्रोजेस्टेरॉन देऊन आधार देता येतो.

सासूबाई शेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, नाही, पहिलीच वेळ.

नुसती विश्रांती सांगून डॉक्टरीणबाईंनी घरी पाठवलं. एका शब्दासाठी मी या बाळाचं औषध नाकारलं. माझी मलाच किळस येते.

खरं कुठे तरी लिहायला हवं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, पनवेलला, नऊ आठवडे दोन दिवसांवर गेलं. सर्वेश जहाजावर होता. आल्यावर चकित करू म्हणून त्याला कळवलंच नव्हतं, मग कळवण्यासारखं उरलं नाही. आणि दवाखान्यातून परत येताना रिक्षात मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं. ऑफिसची बढतीची परीक्षा तोंडावर होती. हे मी कुणालाही सांगू शकत नाही.

१४ नोव्हेंबर

डाग थांबेनात, म्हणून सासूबाईंनी जागेवाल्यापुढे नारळ ठेवला. जागेवाला म्हणजे या जमिनीचा राखणदार. मोठ्या माडाखाली शेंदूर लावलेला दगड आहे. वाडीतली दहा-बारा माणसं जमली. गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढची विनवणी, घातलं वाडीतल्या सत्यवानकाकांनी, खणखणीत आवाजात:

"बा देवा म्हाराजा, ह्या घराची सून पयलटकरीण आसा. तिच्या पोटातल्या पयल्या जीवाक राख. दुसरा काय मागणा नाय रे म्हाराजा."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." माझ्याकडून मोठ्यानं वदवून घेतलं, कारण गाऱ्हाणं माझं होतं. संध्याकाळी डाग थांबले. सासूबाईंनी कौतुकानं माझ्या गालावरून हात फिरवला. मला त्यांच्याकडे बघवेना.

१८ नोव्हेंबर

बँकेचं काम सांगून एकटी मालवणला गेले आणि डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, यात लाजण्यासारखं काही नाही, पुष्कळ जणींना होतं, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. कॅप्सूल दिल्या, सकाळ-संध्याकाळ आतून ठेवायच्या. रस्त्यात मी रडले. डबी कपाटात साड्यांच्या मागे लपवली आहे.

आज कॉफीचा वास आला आणि भडभडून उलटी झाली. गेल्या वर्षी असंच व्हायचं. डाव्या मांडीत तीच कळ आहे. याच जागी, अशीच.

२५ नोव्हेंबर

सोनोग्राफी. एकटीच गेले होते.

दोन आहेत.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पुन्हा मोजून पाहिली. मागच्या वेळी दुसरं लपलं असेल म्हणाल्या, पण दोघांच्या वाढीत एवढा फरक का ते त्यांना सांगता येईना. आज आठ आठवडे दोन दिवस व्हायला हवेत. लहान सात आठवड्यांचंच भरलं, त्याचे ठोके मंद. मोठं धडधाकट. नऊ आठवडे दोन दिवस.

आकडा मी दोनदा वाचला. गेल्या वर्षीचाच.

पयल्या जीवाक राख. दुसरा काय मागणा नाय.

त्यानं ऐकलं. शब्दाला शब्द ऐकलं. माझं जे गेलं होतं ते आणून दिलंय, आणि जे होतं ते कुणी मागितलेलंच नाही.

२६ नोव्हेंबर

सत्यवानकाकांना आडून विचारलं, गाऱ्हाण्यात शब्द चुकला तर? ते म्हणाले, "ज्याचा गाऱ्हाणा त्येनाच सांगूक व्हया. त्याच माणसांम्होरं." कुजबुजून चालत नाही.

म्हणजे सगळ्यांसमोर. सासूबाईंसमोर. आधी एक गेलं होतं, मी लपवलं, मी खोटं बोलले.

कॅप्सूल घेते आहे. आत कुणीतरी घट्ट धरून बसलंय असं वाटतं. धाकटं नव्हे.

२७ नोव्हेंबर

सासूबाईंना सांगायला तीनदा स्वयंपाकघरात गेले. तिन्ही वेळा मीठ मागून परत आले.

त्या माझ्यासाठी पेज गाळत होत्या. म्हणाल्या, तू इलंस आणि घर भरलां. एवढं बोलल्यावर कसं सांगू —

पोटात हललं. नवव्या आठवड्यात हलत नाही, मला माहीत आहे. तरी हललं. राग आल्यासारखं.

२८ नोव्हेंबर

पुन्हा नारळ ठेवायचा आहे, एवढंच सांगितलं. सासूबाईंनी आनंदानं सगळ्यांना बोलावलं. तीच माणसं आली. काका म्हणाले, बोल गो.

राधाबाई हसून बघत होत्या. सासूबाईंनी हात जोडले होते. दुसऱ्यालाही राख, एवढंच म्हणायचं होतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, दुसरं कुठलं —

मी म्हटलं, सगळं नीट होऊ दे.

काका म्हणाले, पयला नीट होतलाच. सगळे व्हय म्हणाले.

मीसुद्धा.

२९ नोव्हेंबर, सकाळ

न्हाणीघरात आहे. रक्त. खूप नाही — पण थांबत नाही. एक ठोका जोरात लागतो आहे, कानात ऐकू येतो. दुसरा — शोधते आहे — मध्येच लागतो, मग नाही —

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मालवणला लगेच निघा म्हणाल्या. घरच्यांना खरं सांगा, सोबत कुणीतरी हवं —

सासूबाई दाराशी आल्या आहेत. कळ येतेय का, काय झालं, पोटातलं बरं आहे ना, विचारताहेत. मी तोंड उघडलं —

बरं आहे म्हटलं.

पुन्हा. पुन्हा तेच केलं मी.

बाळा, थांब, धर — आता दार उघडते — सगळ्यांना सांगते की तू माझं दुस