दर्याची सीट

१२ जानेवारी, रविवार

दर्याने आज जेवताना सांगून टाकलं. डॉक्टर व्हायचंय, पण जनावरांची. आणि इथे अमेरिकेत नाही, तुर्कस्तानात.

ओरहान खायचा थांबला. मला वाटलं आनंद होईल, याचाच देश. चेहरा असा केला की जणू कुणी घर विकलं याचं.

पोरीने सगळं आधीच शोधून ठेवलंय. इथे आधी चार वर्षं कॉलेज, मग परत अर्ज, मग आणखी चार वर्षं, तेही घेतलं तर. तिथे बारावीनंतर थेट पाच. दर शनिवारी शेल्टरमध्ये कुत्र्यांचे पिंजरे धुते ते उगाच नाही, हे मला कळायला हवं होतं.

ओरहान : "तिथून निघायला मी काय काय केलं, तुला माहीत आहे?"
दर्या : "यू लेफ्ट, बाबा. आय डिडन्ट."

(बाबा हा एक शब्द दोन्ही भाषांत सारखा निघाला म्हणून या घरात त्यावरून कधी भांडण झालं नाही. बाकी सगळ्यावरून झालं.)

एवढ्या लांब पाठवायचं म्हणून धास्तावले. पण खरं सांगायचं तर थोडी खूशसुद्धा. का ते अजून कळलेलं नाही.

१९ जानेवारी

आज लॅपटॉपवर रस्ता समजावला मला. लिहून ठेवते, नाहीतर विसरीन.

जन्मली तेव्हा ओरहानने तिचं नाव तिथे नोंदवलं, म्हणजे ती तिथली नागरिक. नागरिकाने तिथली मोठी परीक्षा द्यायची, लाखो पोरांबरोबर. पण हायस्कूल पूर्ण बाहेर केलेल्यांना परदेशी विद्यार्थ्यांच्या जागांवर अर्ज करता येतो. त्याच जागांवर उझबेक, कझाक, अझरबैजानी पोरंही येतात. तिला जिथे अर्ज करायचाय तिथे सॅटचे, म्हणजे इथल्या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेचे, मार्क चालतात.

"म्हणजे तू तिथलीच, आणि परदेशीपण?"
"येस आई. आय अ‍ॅम अ फॉरेनर फ्रॉम देअर."

दहावीच्या वर्षी ओरहान तिला वर्षभर इझमिरच्या, त्याच्या गावच्या, शाळेत घालणार होता. मी अडून बसले होते. धाडलं असतं तर आज हा रस्ताच बंद. हे मी त्याला ऐकवलं. ऐकवायला नको होतं. पण ऐकवलं.

२ फेब्रुवारी

आयसेलिनला, देशी दुकानांच्या रस्त्यावर, भाजीला गेले. दुकानात मराठी मंडळातल्या शैलाकाकू भेटल्या. दर्या कुठे अप्लाय करतेय? सांगितलं.

"तुर्कस्तान? अगं, लोक इकडे यायला धडपडतात आणि तू पोरीला तिकडे पाठवतेस? आधी ते लग्न, आता हे."

मी म्हटलं, "काकू, लग्नाला वीस वर्षं होतील. आता तरी जेवायला या."

कढीपत्ता घेतला आणि निघाले. उत्तर जागच्या जागी दिलं, हे बरं झालं. नाहीतर माझी उत्तरं दुसऱ्या दिवशी सुचतात.

नागपूरला आईला फोन केला. ती वेगळीच. "काहून जाऊन राहिली एवढ्या दूर?" मग लगेच, "थंडी असते का तिथं? मी स्वेटर विणते."

९ फेब्रुवारी

इझमिरला व्हिडिओ कॉल. नेर्मिन आब्ला, म्हणजे नेर्मिनताई, ओरहानची मोठी बहीण. माझी नणंद, दर्याची आत्या. तिचा मुलगा केरेम यंदा ती मोठी परीक्षा दुसऱ्यांदा देतोय. त्यालाही व्हेटर्नरीच हवंय. हे आम्हाला आजच कळलं.

दर्याने आनंदाने सगळं सांगितलं. आब्लाचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. मग बरंच बोलली. ओरहान मला फक्त म्हणाला, "ती काळजी करतेय."

दर्या म्हणाली, "नो बाबा. ट्रान्सलेट प्रॉपर्ली." आणि स्वतःच सांगितलं : माझा मुलगा खोलीतून बाहेर येत नाही, मित्र सोडले, झोप सोडली. आणि ही अमेरिकेतून मागच्या दाराने येणार. आमची परीक्षासुद्धा न देता.

मागचं दार.

मी स्क्रीनसमोरून उठले.

१० फेब्रुवारी

भांडण. लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

मी ओरहानला म्हटलं, हे वाक्य मी ओळखते. नागपूरला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात रूममेटने विचारलं होतं, "तुला सीट किती मार्कांवर मिळाली गं?" नाव नंतर विचारलं. चार वर्षं तेच. पहिली आले तरी "तुमचं काय बाई." आता माझ्या पोरीला तेच ऐकायला लागणार, आणि तिचा बाप भाषांतर गाळतो!

तो शांतपणे म्हणाला. शांतपणे म्हणाला याचाच राग आला.

"प्रज्ञा, तुझी जागा हे तुझ्या लोकांचं देणं होतं. पिढ्यांचं. दर्याचं कोण काय देणं लागतं? तिच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे. केरेमकडे काय आहे?"

मला उत्तर आलं नाही.

१३ फेब्रुवारी

अजून नाही.

ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये तेच. तो बरोबर आहे का? असला तरी आब्ला बरोबर होत नाही. की होते? मीटिंगमध्ये दोनदा माझं नाव घेतलं तेव्हा लक्ष गेलं.

दर्या मात्र अभ्यासाला लागली. मार्चमध्ये सॅट पुन्हा देणार. "दे कॅन कॉल इट एनी डोर दे वॉन्ट. आय'ल वॉक इन विथ अ स्कोअर."

२ मार्च

पॅटरसनला गेलो, तिथल्या तुर्की लोकांच्या हॉलमध्ये. तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी माहितीचा कार्यक्रम होता. चहा, तिळाची कडक, बांगडीसारखी बिस्किटं. सांगणाऱ्या बाई अझरबैजानी, स्वतः तिकडे शिकलेल्या. फार छान समजावत होत्या. तुम्ही सगळे आपलेच, म्हणाल्या, भाषेने भावंडं.

दर्याच्या शेजारी चीनमधून आलेली एक उइघुर मुलगी बसली होती, मुनिरा. तिने हात वर केला. पासपोर्टची मुदत संपलीय, नवा करून द्यायला कुणी तयार नाही, इथल्या आश्रयाच्या अर्जाचं अजून काही कळत नाही. तिने कुठून अर्ज करायचा?

बाई थांबल्या. मग म्हणाल्या, कार्यक्रम संपल्यावर बोलू आपण. नंतर त्या तिच्याशी बराच वेळ बोलत होत्या. मुनिरा मान हलवत होती. पण हलवण्यावरून कळलं, मार्ग काही निघाला नाही.

येताना दर्या खिडकीबाहेर बघत होती. "आई, देअर आर टू डोअर्स विथ माय नेम. शी स्पीक्स बेटर टर्किश दॅन मी अँड शी हॅज नन."

मी म्हटलं, मग? जाऊ नको म्हणतेस?

"नो! आय'म सेइंग आय'ल नॉट गो देअर अँड बी अशेम्ड. व्हॉट गुड डझ माय शेम डू हर?"

सतरा वर्षांची पोर. ड्राइव्ह करताना मला रडता येत नाही.

२९ मार्च

सॅटचे मार्क आले. उत्तम. ओरहानने तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि काही न बोलता चालायला निघून गेला. अभिमान आणि बहिणीपुढची लाज एकाच वेळी वाटणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं?

१४ एप्रिल

जयंती. सोमवार, पण सुट्टी घेतली. सकाळी घरी वंदना, फोटोला हार. दर्याने मेणबत्ती लावली. ओरहान दरवर्षीसारखा मागे हात बांधून उभा. त्याला पाठ नाही, पण उभा राहतो.

हार घालताना उत्तर सापडलं. लगेच सांगितलं त्याला, तिथेच.

"तू बरोबर होतास. तिची जागा आणि माझी जागा एक नाही. माझ्या जागेमागे जे आहे ते मी तिला उसनं देणार नाही, ते तिचं नाही. पण ऐक. केरेमच्या वाट्याची जागा ती घेत नाहीये. तिच्या जागा वेगळ्या, मोजणी वेगळी. नियम तुझ्याच देशाने केलेत. त्या नियमावर आब्लाने सरकारशी भांडावं, मी तिच्या बाजूने उभी राहीन. पण आत बसलेल्या पोरीला 'तू कशी आलीस' असं कुणी विचारलं, तर ते मी ऐकून घेणार नाही. ते मी ऐकलंय. मला माहीत आहे ते काय करतं माणसाचं."

तो : "आणि केरेम?"

"केरेमचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण त्याची भरपाई म्हणून माझी मुलगी मान खाली घालणार नाही."

दर्या म्हणाली, "कॅन वी ईट नाऊ?" खीर खाल्ली.

ओरहानने दोनदा घेतली.

२० जून

शाळा संपली. इथली बारावी तिथल्या बारावीबरोबरीची आहे असा दाखला लागतो, तो मॅनहॅटनच्या तुर्की वकिलातीत मिळतो. ओरहानने जिथे लागतील तिथे सह्या करून दिल्या. "मी येत नाही." का, विचारलं नाही. आब्लाला काय सांगणार याची भीती. मोठी बहीण म्हणजे त्याला आईच.

मग आम्ही दोघी गेलो. मी आज साडी नेसले. कशाला, दर्याने विचारलं. मी म्हटलं, लढाईला जाताना मी साडी नेसते. लढाई काही झालीच नाही. खिडकीतला माणूस भला होता. दर्याच्या तुर्कीला इझमिरचा हेल आहे म्हणून हसला. मग माझ्याकडे बघून विचारलं, या कोण?

"आन्नेम," दर्या म्हणाली. माझी आई. मोठ्याने. रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं.

काम झालं. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून दोघींनी बेगल खाल्ले, साडीसकट.

२२ जुलै

केरेमचा निकाल. व्हेटर्नरीला पुरतील इतके मार्क नाहीत. आब्लाने ओरहानला कळवलं, एका ओळीत.

दर्याने केरेमला मेसेज लिहिला, पुसला, परत लिहिला. शेवटी पाठवला. उत्तर नाही. बघितल्याची खूण आली फक्त.

मी फोन करू म्हणते, ओरहान नको म्हणतो. "आत्ता तुझा आवाज नको तिला." खरं असेल. पण टोचलं.

१६ ऑगस्ट

लागला नंबर!

पण इझमिरला नाही. तो पहिला पर्याय होता, तिथे यादीत नावच नाही. पूर्वेकडचं एक शहर, पार सीमेजवळ, डोंगराळ, हिवाळ्यात सगळं गोठतं म्हणे. ओरहान नकाशा काढून बसला. "मी आयुष्यात इथे गेलेलो नाही. माझ्या ओळखीचं कुणीही इथे गेलेलं नाही."

दर्या : "गुड. देन नोबडी देअर नोज एनी ऑफ यू."

पहिलं वर्ष भाषेचं, मग पाच. हॉस्टेल. तिकडे गुरंढोरं फार, म्हणून कॉलेज चांगलं, असं तिचं म्हणणं. हे ती मला पटवायला सांगते की स्वतःला, कळत नाही.

ओरहान मधेच म्हणाला, यंदा थांब, पुढच्या वर्षी पुन्हा इझमिरला प्रयत्न कर. मलाही क्षणभर तेच वाटलं. माझ्या मनातलं तोंडावर आलंच असणार, कारण दर्या माझ्याकडे बघून म्हणाली, "यू टू, आई?"

नाही, म्हटलं. मी नाही.

१९ ऑगस्ट

शैलाकाकूंचा फोन. कुठूनतरी कळलं. "अभिनंदन गं." मग थोडं थांबून, "तिथे जनावरांचं डॉक्टर होऊन इथे चालतं का?" चालवायला परीक्षा द्यावी लागते, म्हटलं, देईल. आणि जेवायचं आमंत्रण पुन्हा दिलं. या वेळी "बघते" म्हणाल्या.

आईचा स्वेटर आला. बाह्या लांब झाल्यात. दर्या तो ए.सी. लावून घालून बसली होती.

२४ ऑगस्ट, रविवार

नेर्मिन आब्लाचा फोन. मला. थेट माझ्या नंबरवर, पहिल्यांदाच. तिचं मोडकं इंग्रजी, माझं मोडकं तुर्की. ओरहान दुकानात गेला होता, मधे कुणी नाही.

ती म्हणाली, केरेम दर्याशी बोलणार नाही इतक्यात. मीही फार बोलणार नाही. पण पोर एकटी थेट तिकडे उतरणार नाही. आधी इझमिरला, माझ्याकडे. मग मी तिच्याबरोबर जाईन, सामान लावून देईन.

मी म्हटलं, "आब्ला, ती चोर नाही." तेवढे शब्द येत होते.

"चोर मी म्हटलं नाही."

"मागचं दार म्हणालात."

मागे नळ चालू होता तिच्याकडे. मग : "म्हणाले. अजूनही म्हणते. थंडीचे बूट आहेत का तिच्याकडे? तिथले रस्ते तुम्हाला माहीत नाहीत."

मी म्हटलं, मग मीही माझं म्हणणं सोडत नाही.

"सोडू नको," ती म्हणाली. "बुटांचा नंबर सांग."

सांगितला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, इतक्या वर्षांत आमच्या दोघींचं हे पहिलं खरं बोलणं.

दर्याला सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. ती खिडकीशी उभी राहून ऐकत होती.

"सो शी स्टिल थिंक्स इट."

"हो."

"अँड शी वॉन्ट्स टू बाय मी बूट्स."

"हो."

ओरहान आला, त्याने लगेच इझमिरची विमानं बघायला घेतली. दर्याने लॅपटॉप अर्धा मिटला. म्हणाली, गेले तर आत्याच्या टेबलाशी बसून मी तेच सांगणार जे इथे सांगते, मला लाज वाटत नाही. तुर्कीत. तिला चालणार असेल तर इझमिर. नाहीतर थेट.

ओरहान माझ्याकडे बघतो, मी काहीतरी मऊ बोलीन म्हणून. मी म्हटलं, तिला विचार, जायचं तिला आहे.

दर्याने आत्याला फोन लावलाय. आतल्या खोलीत. दार लोटलेलं. दोघींचे आवाज चढलेत, मला एकेक शब्द कळतो, वाक्य कळत नाही. ओरहान दाराशी उभा. मी विचारलं, काय चाललंय? तो हात वर करून म्हणतो, थांब, ऐकू दे, दोघींपैकी कुणीच फोन ठेवत नाहीये.