येतो, मॅडम

३ फेब्रुवारी, सोमवार
पुण्यात पोचले. अकोल्याहून निघताना आईने इतकं सामान बांधून दिलं की मी नोकरीला चालले आहे की सासरी, असा प्रश्न बसमधल्यांना पडला असेल. सदाशिव पेठेतली खोली छोटी, पण ऊन छान येतं. मानसोपचाराचा दवाखाना पाच मिनिटांवर. तिथल्या मुख्य डॉक्टर पूर्णिमा मॅडमनी किल्ल्या दिल्या, जुन्या फायलींचं कपाट दाखवलं आणि म्हणाल्या, तुम्ही एवढं बोललात तर पेशंटला बोलायला वेळ कधी मिळणार? मला त्या आवडल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार
माझे पहिले पेशंट, विश्वजीत. चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अदबीचं. निळं हेल्मेट मांडीवर घेऊन तासभर बसले. बायको शेफाली दोन वर्षांपूर्वी सोडून गेली, तेव्हापासून झोप नाही म्हणाले. नियम मी आधीच समजावले. इथलं बोलणं इथेच राहील, पण कोणाच्या जिवाला धोका वाटला तर त्या माणसाला मी सावध करीन. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे स्वतः जाऊन सांगता? फोन लागला नाही तर स्वतः जाईन, असं मी ऐटीत सांगून टाकलं. निघताना ते "येतो, मॅडम" म्हणाले. पहिलाच दिवस चांगला गेला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
आज शेफालीबद्दलच बोलत होते. कशी हसायची, मान कशी वेळावायची. मग त्याच आवाजात म्हणाले, तिची मान माझ्या एका हातात मावते. हात उघडून दाखवला. तो हात पाहिल्यापासून मला त्याला 'ते' लिहवत नाही.
मॅडमना सांगितलं, पण नावं सांगितली नाहीत. गुप्तता म्हणजे गुप्तता. त्यांनीही विचारली नाहीत. पुन्हा असं बोलला तर आपण दोघी पोलिसांत जाऊ, एकटीने काही करायचं नाही, एवढं बजावलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आज धमकी नाही. उलट हसून म्हणाला, शेफाली पूर्वी इथेच यायची, पूर्णिमा मॅडमकडे. तिची फाइल असेल ना अजून? मी विषय बदलला. तो कपाटाकडे बघत राहिला. "येतो, मॅडम." मला भीती वाटते त्याची.

२७ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी १.१०
दोरी घेतली आहे म्हणाला. आजच तिला संपवतो. दारात हेल्मेट घातलं आणि म्हणाला, "जातो, मॅडम."
जातो. निघताना असं कोणी म्हणत नाही. मॅडम जेवायला घरी गेल्या, चारपर्यंत त्यांचा फोन बंद. पोलिसांना लावला. ती राहते कुठे, त्यांनी विचारलं. मला कुठे माहीत आहे!

१.२५
कपाट उघडलं. शेफालीची फाइल आहे. वर मॅडमच्या अक्षरात, लाल शाईने: पत्ता कोणालाही देऊ नये. मी कोणाला थोडीच देतेय. कर्वेनगर. तिचा नंबर लागत नाही. पोलिसांना पत्ता कळवला, निघतो म्हणाले. मी रिक्षाने आधी पोचेन.

२.०५
शेफाली जिवंत आहे. घरात एकटी. बघून मला रडूच आलं. सगळं सांगितलं. तिने विचारलं एकच. "दोन वर्षं शोधतोय तो, त्याला पत्ता मिळाला नाही. तुम्हाला कसा मिळाला?"
"फाइलमधून," म्हणाले मी, आणि—
फाइल आहे हे त्यानेच सांगितलं होतं. स्वतः जाता का, हेही त्यानेच विचारलं होतं. आणि आज ते जातो— ते माझ्यासाठी होतं. मी निघावं म्हणून.

२.११
खिडकीतून पाहिलं. खाली स्कूटर. आरशावर निळं हेल्मेट—
दार लावलं. टेबल ओढलं. शेफाली माझ्या फोनवरून पोलिसांशी बोलतेय, कुजबुजत. दहा मिनिटं म्हणतात.
ही वही कोणाला सापडली तर— पत्ता मी आणला. तिची काही चूक नाही. मी आणला.

जिन्यात पावलं. सावकाश.

थांबली.

बेल नाही. नुसती बोटं दारावर. आणि तोच अदबीचा आवाज—
"आलो, मॅडम."

खालची कडी मी लावली होती ना, खालची—