शर्ट राहिला

प्रिय ईशानी,

पिशवी मिळाली. हेल्मेट, चार्जर, निळा मफलर, आईचा चिवड्याचा डबा, सगळं आलं. डबा आतून कोरडा पुसलेला होता, म्हणजे तो तूच धुतलास. तुझी प्रेमला मावशी डबा नुसता विसळून पालथा टाकते, मला माहीत आहे. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून ही पोच कागदावर. कागदावर लिहायची सवय मी कॉलेजबरोबरच सोडली, तेव्हा अक्षर सांभाळून घे. तुझी मैत्रीण अंतरा मेंदीच्या निमित्ताने तुझ्याकडे येणार आहे, तिच्या हाती देतो. आत काय लिहिणार ते तिने विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ‘नेईन’ म्हणाली. एक वस्तू तेवढी आली नाही, ईशा. हिरव्या चौकड्यांचा शर्ट. वरून तिसरं बटण तू लाल दोऱ्याने लावलं होतंस तो. हिरवा दोरा शोधायचा तुला कंटाळा, आणि टाके सगळे डावखुरे, उलट्या बाजूला कललेले.

तुझ्या बाबांचा निरोप आला, ‘वस्तू घेऊन जा’, तेव्हा मला वाटलं होतं, आता चार शिव्या खायच्या. मीही ठरवूनच निघालो होतो, की एक शब्द वेडावाकडा आला तर ऐकून घ्यायचा नाही. मैदागिनला बाइक लावली, गल्लीगल्लीतून पंचगंगा घाटावर आलो. कार्तिक चालू होता, घाटावर आकाशदिव्यांचे बांबू उभे होते, गेलेल्या माणसांसाठी टांगलेल्या त्या टोपल्या वाऱ्यावर करकरत होत्या. आणि तुमच्या ओट्यावर तुझे बाबा, यज्ञेश्वरशास्त्री, हसत उभे! ‘या निमिषराव, बसा. चहा घेता ना?’ राव! मला आजवर, माझ्या बाबांच्या नोकरीवरून, ‘ए रेल्वेवाले’ याखेरीज ज्या माणसाने हाक मारली नाही, तो मला राव म्हणत होता. पिशवी त्यांनी स्वतः आणून माझ्या पायाशी ठेवली. चहाबरोबर खारी दिली. मग बशी पुसता पुसता, भाजीचा भाव विचारावा तसं, ‘गोत्र काय म्हणालात तुमचं?’ मी म्हटलं, वसिष्ठ. ‘आणि जन्मनक्षत्र?’ म्हटलं, आईला विचारून सांगतो. ‘सांगा, सांगा. आजच कळवा.’ आत तुझ्या बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या.

आता तूच सांग, आपल्या लोकांत मुलाचं गोत्र कशासाठी विचारतात? गल्लीतूनच मी आईला फोन लावला. ‘आई, माझं नक्षत्र काय?’ ती म्हणाली, ‘का रे, कोण विचारतंय? स्थळ आहे का?’ आणि मी बावळट त्या गल्लीत एका सांडाला वाट देत उभा राहून हसत होतो. आईने शिरा केला. बाबा म्हणाले, आधी कॉलेज पुरं कर म्हणावं, पण दोनदा वाढून घेतला त्यांनीही. मी तुझ्या बाबांना अनुराधा असं कळवलं, त्यांनी उलट हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पिशवी उलटी केली तेव्हा शर्ट नाही हे कळलं, आणि माझा आनंद आणखी वाढला. वाटलं, ठेवला असेल उशीखाली. एवढा एक वास तरी हवा असेल तुला.

भोसले घाटावरची ती दुपार आठवते? आपण लल्लनच्या नावेतून उतरलो. कुठल्या तरी पाहुण्यांचे दोन झेंडूचे हार त्याच्या नावेत राहिले होते, ते त्याने आपल्याला दिले आणि म्हणाला, ‘पहन लो, बासी होने से पहले.’ देवळात जाऊन आपण खरंच घातले. हार ओढताना माझं बटण तुटलं. तू म्हणालीस, ‘विचार कर हं, माझ्या पत्रिकेत मंगळ आहे. पहिला नवरा खातो म्हणे.’ मी म्हटलं, ‘खाऊ दे की. कडू लागेन.’ तू इतकी हसलीस की पुजारी उठून आला. तुझ्यासाठी ते हसण्यावारी होतं की काय, हे मी तेव्हा विचारलं नाही. माझ्यासाठी नव्हतं. मी त्या दिवसापासून नवराच आहे.

मग शिंदे घाटावरचा तो प्रकार. त्या मुलाने तुझ्याकडे बघून काय म्हटलं ते तू ऐकलं नाहीस, मी ऐकलं. त्याचा दात पडला त्याला मी काय करू? आणि फोनचं म्हणशील, तर माझ्याशी बोलायचं सोडून तू त्याच्यासाठी गाडी बोलवत होतीस, म्हणून तो मी घेतला आणि गंगेत फेकला. नवा आणून देणार होतो. तू पायऱ्यांवर उलटी उलटी सरत गेलीस आणि म्हणालीस, ‘मला तुझी भीती वाटते, निमिष.’ तेवढ्यावर सगळं संपलं म्हणे. तेव्हाही सांगितलं, आता लिहून देतो: तुझ्यावर मी कधी हात उचलला नाही, उचलणार नाही. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही.

मागच्या आठवड्यात लल्लन भेटला. मला बघून त्याच्या हातातला चहा हिंदकळला. ‘का गुरु, ज़िंदा हो?’ मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, ‘भाई, तेरी शर्ट तो दूल्हा बन गई थी.’ मग बसवून त्याने सगळं सांगितलं. सकाळी स्नानाची गर्दी ओसरल्यावर तुम्ही त्याची नाव केलीत. तुझे बाबा, मावशी आणि तू, पिवळ्या साडीत. तुझ्या मांडीवर मातीचा घट. घटाला माझा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. वर नारळ, नारळाला मुंडावळ्या. तुझ्याभोवती आणि त्याच्याभोवती एकच सूत गुंडाळलेलं. लल्लनला मंत्र कळत नाहीत, पण ‘निमिष’ त्याने पुन्हा पुन्हा ऐकलं. तू घटाला हार घातलास. सूत तोडलं. मधल्या धारेत तो सोडून दिला.

कुंभविवाह. शब्द ऐकून होतो. मंगळाच्या मुलीचं पहिलं लग्न घटाशी लावायचं, घट बुडवायचा, म्हणजे पहिला नवरा गेला, मंगळाचं पोट भरलं, आणि दुसरा सुखाने संसार करायला मोकळा. पण त्या घटाला देवाचं नाव देतात, ईशा. जिवंत माणसाचं नाही. तुझ्या बाबांनी विचार केला असेल, पोरीने एकाला हार घातलाच आहे, तर मरायचं तेही त्यालाच मरू दे. म्हणून राव. म्हणून खारी. आणि मी नक्षत्र सांगितलं आणि घरी जाऊन शिरा खाल्ला. त्या नावेतून तुम्ही माझं नाव बुडवायला निघाला होतात, आणि ते मीच तुमच्या हातात आणून दिलं होतं.

पण तो बुडाला नाही. गळाभर पाण्यात माणूस उभा असावा तसा सरळ उभा राहिला म्हणे. बाबांनी लल्लनला वल्ह्याने दाबायला सांगितलं. खाली गेला, पलीकडे वर आला. मावशी म्हणाली, ‘पुरे, घाटावरून लोक बघतायत. पुढे जाऊन बुडेल आपोआप. मागे वळून पाहू नका कोणी.’ लल्लन म्हणतो, तू एकदा पाहिलंस. तुझा फोन कसा दगडासारखा गेला होता, आठवतं? घट मात्र त्रिलोचन घाटाखाली नावांच्या दोरांत अडकून बसला होता. लाल दोऱ्याचं बटण बघून लल्लनने ओळखला, ताडपत्रीखाली झाकून ठेवला. मला म्हणाला, ‘ले जा भाई, मेरे घर में बच्चे हैं.’ हातसुद्धा लावला नाही त्याने, लांबून दाखवला.

बाइकवर मागे, जिथे तू बसायचीस, तिथे बांधून आणला. घरी नारळ काढला तर घट आत ठणठणीत कोरडा. एक थेंब नाही. कारण नारळाभोवती, काठाला, कणकेचा जाड वेढा होता, आणि तो नुसता थापलेला नव्हता. करंजीला घालतात तशी मुरड घातली होती त्याला, बोटांनी, फटीन् फट बंद करत. नदीत बुडवायच्या भांड्याला एवढी मुरड कोण घालतं? अर्धी कणीक पाण्याने गेली आहे. उरलेली मुरड मला उलटी दिसते, डाव्या हाताची. आईला दाखवली. ती म्हणाली, ‘काही कळत नाही रे, टाक ते बाहेर.’ मी टाकली नाही. वाळवून ठेवली आहे.

घट माझ्या खोलीत आहे, खिडकीशी. रिकामा राहिला तर तडकेल म्हणून रोज सकाळी भरतो. मातीचाच तो, पाझरतो, त्यामुळे शर्ट दिवसभर ओला असतो, आणि खोलीत नदीचा वास भरून राहिलेला असतो. आई आत येत नाही आता, जेवण दाराशी ठेवते. काल म्हणाली, ‘फोडून टाक, बाळा.’ तिला कसं सांगू? फोडला तर तुझ्या बाबांच्या हिशेबाने मी गेलो. न फोडावा तर तुझा मंगळ उपाशी आहे, आणि उपाशी असला की तो पुढच्याला शोधणार.

पुढचा म्हणजे ऋतुराज. तुझ्या बाबांनी त्याला हे सांगितलं आहे का? मला त्याचा राग नाही, खरंच नाही. मी लखनौला जाऊन त्याला बघून आलो. चांगला दिसतो. बँकेतून निघाला की पायीच घरी जातो, जाताना कोपऱ्यावर पान खातो, आणि रस्ता ओलांडताना सगळा वेळ फोनकडे बघतो. तुझ्याशीच बोलत असेल. मी त्याच्या इतका जवळून चाललो की त्याच्या अत्तराचा वास आला. त्याला सांग, बघून चालत जा म्हणावं.

एवढं सगळं लिहिलं ते शर्टासाठी नाही, हे तुला कळलं असेल. शर्ट माझ्याकडे आला आहे. मला एकच विचारायचं आहे: नारळाभोवती कणीक कोणी लावली? तू लावली असशील तर तुला मला बुडू द्यायचं नव्हतं. मग बुधवारी दुपारी पंचगंगेच्या पायऱ्यांवर ये, आणि बाकीचं माझ्यावर सोड. मावशीने लावली असेल तरीही ये. घट मी घेऊन येतो, तू माझ्यादेखत फोड, डाव्या हाताने, आणि मी तिथूनच स्टेशनवर जाईन, या गावात पुन्हा दिसणार नाही. माझी शपथ घेत नाही, तिला आता काय किंमत, तुझी घेतो. पण तू आलीच नाहीस, तर घट मीच फोडीन, शर्ट अंगात चढवीन आणि गुरुवारी मांडवात येईन, तसाच ओला. अंतरपाट धरलेला असेल. एका बाजूला ऋतुराज, एका बाजूला तू. मी काही करणार नाही, सगळ्यांसारखा अक्षतांना हात पुढे करीन. वऱ्हाडातलं कोणीतरी विचारीलच, हा भिजलेला मुलगा तुमचा कोण? सांगू दे तुझ्या बाबांना. नाव, गोत्र, नक्षत्र, सगळं पाठ आहे त्यांना.

बुधवारी वाट पाहतो.

तुझाच, अजून पाण्यावर असलेला,
निमिष