वर्षातून दोनदा ओढायची गाडी

४ मार्च, संध्याकाळ

आजपासून राग बंद. कायमचा.

झालं ते असं. बोट तलावात उतरवायची होती. बोट माझी आणि साडूची, निम्मी-निम्मी. ट्रेलर ओढायला पिकअप मात्र त्याची. त्यामुळे वर्षातून दोनदा, बोट पाण्यात घालताना आणि बाहेर काढताना, तो राजा आणि मी दोर धरणारा. उतारावर मी म्हणालो डावीकडे घ्या, त्याने उजवीकडे घेतली. मी वल्हं त्याच्या बॉनेटवर ठेवलं. जरा जोरात ठेवलं गेलं. तो खाली उतरला, माझी कॉलर धरली. पुढचं सगळ्यांनी चुकीच्या बाजूने पाहिलं. मी मारलं नाही. माझी मूठ आधीपासून तिथे होती, त्याचं तोंड नंतर आलं. समोरचा दात अर्धा तुटला. मग त्याने मला पाण्यात पाडून डोकं खाली दाबलं. पुन्हा वर काढलं, पुन्हा दाबलं. मी त्याच्या पोटरीला नखं रोवली. शेवटी हिने आणि मेहुणीने, दोघी सख्ख्या बहिणींनी, आम्हाला एकेक पाय धरून वेगळं केलं.

बोट तेवढी पाण्यात गेली होती. साडू रक्त थुंकत म्हणाला, यापुढे माझ्या गाडीला ही बोट लागणार नाही.

नको तर नको. स्वतःची पिकअप घेतो.

५ मार्च

मी मुळात शांत माणूस आहे. धंदाच तसा. दातांची लॅब आहे माझी. डेंटिस्ट पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात, मी प्लास्टरचा साचा ओततो, मेणात दात कोरतो, मग पोर्सेलीनची कॅप भट्टीत भाजतो. केसभर हललं की काम फुकट. रागीट माणसाला हे जमेल का? नाही जमणार. म्हणजे मी रागीट नाही. सिद्ध झालं.

हात सुजलाय. आज काहीच कोरता आलं नाही.

९ मार्च

हिला योजना सांगितली. एकच गाडी, दोन कामं. रोज घर ते लॅब, आणि गरजेला बोट ओढायची. ही म्हणाली, वर्षातून दोनदा ओढायचंय ना? मग भाड्याने आण. रोजसाठी छोटी कार घे, पार्किंग तरी मिळेल.

मी समजावलं की गरज वर्षातून दोनदा असते, पण इज्जत रोजची असते. ही म्हणाली, इज्जतीला किती मायलेज आहे?

कपाटाला लाथ घातली फक्त. दाराला भोक पडलं. कपाट हलकं निघालं. हल्लीचं फर्निचर टिकाऊ नाही.

१५ मार्च

शोरूम पहिली. पांढरी, सिंगल केबिन, डिझेल. मागचा हौदा लांबलचक. ताकद भरपूर, पण हौदा रिकामा असला की मागून बैलगाडीसारखी उडते. रोज चालवली तर माझेच दात बनवायची वेळ येईल.

शोरूम दुसरी. राखाडी, डबल केबिन, कारसारखी मऊ. तिथल्या सेल्सवाल्या मुलीने बोटीचं वजन विचारलं, ट्रेलरचं विचारलं, आणि म्हणाली, सर, एवढं तर आमची सगळ्यात छोटी गाडीसुद्धा आरामात ओढेल.

अपमान म्हणतात तो हाच. मी विचारलं, तुमच्याकडे सगळ्यात मोठी कोणती आहे?

काळी आहे. बॉनेट माझ्या छातीला लागतं. जहाज ओढेल. टेस्ट ड्राइव्ह रविवारी.

२२ मार्च, दुपार

टेस्ट ड्राइव्ह उत्तम झाली. गाडीबद्दल तक्रार नाही.

बाजूला सेल्समन बसला होता. मागून एक डिलिव्हरी व्हॅनवाला सारखा हॉर्न देत होता. मी डोक्यावर बर्फ ठेवला. त्याने ओव्हरटेक करताना बोट दाखवलं. बर्फ वितळला. पुढच्या सिग्नलला त्याच्यापुढे काळी आडवी घातली. तो हातात पाना घेऊन उतरला. मीही तडफेने उतरलो, पण ही गाडी उंच, पायरी आहे हे विसरलो आणि थेट त्याच्या पायांशी गुडघ्यावर पडलो. त्याला वाटलं माफी मागतोय. तो म्हणाला, जाऊ दे काका, होतं असं.

काका!

मी त्याच्या मनगटाला कडकडून चावलो. चाव्यातलं मला कळतं. त्याने पाना माझ्या खांद्यावर हाणला, मी त्याचा आरसा उपटला, त्याने मला व्हॅनच्या दारावर आपटलं. दोनदा. सेल्समन रस्त्याच्या कडेला उभा राहून रडत होता. इतका हळवा माणूस गाड्या काय विकणार?

ही हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते, त्यामुळे सोय आहे. माझ्या खांद्याचा तिनेच काढला. फिल्म उजेडाला धरून बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, काही मोडलं नाहीये. आवाज जरा निराश वाटला. थकली असेल.

२३ मार्च

राग बंद. कालचा धरायचा नाही. तो टेस्ट ड्राइव्हचा भाग होता.

२ एप्रिल

मोठ्या क्लिनिकमधून ठसा आला. वरचा समोरचा दात, अर्धा तुटलेला. ठशावर नाव नव्हतं, पण खालची वाकडी रांग ओळखायला नाव कशाला पाहिजे? ती रांग पंधरा-वीस वर्षं प्रत्येक जेवणात मला हसते आहे. साडू!

नियतीने त्याचं तोंड माझ्या हातात दिलंय. मी सूड घेणार नाही. काम म्हणजे काम. सर्वोत्तम कॅप करून देणार.

११ एप्रिल

कॅप दिली. किंचित लांब झाली असेल. पोर्सेलीन कधीकधी वाढतं.

१६ एप्रिल

पोर्सेलीन वाढत नाही असं डेंटिस्टचं म्हणणं. स्वतः लॅबमध्ये आले. म्हणाले, पेशंट बोलताना शिट्टी वाजते आणि खालचा ओठ फाटलाय, जरा घासून द्या. मी म्हणालो, पेशंटला कमी बोलायला सांगा. ते म्हणाले, हा दात तुम्ही मुद्दाम असा केलाय. मी म्हणालो, माझ्या कामावर शंका? ते म्हणाले, कामावर नाही, तुमच्यावर.

टेबलावर प्लास्टरचा वरचा जबडा वाळत होता. माझ्या हातून सुटला. सुटला तो थेट त्यांच्या कपाळावर. एका ओळीत सगळ्या दातांचे वण उठले, जणू कपाळाला कोणी चावलंय. त्यांनीही ओल्या प्लास्टरचा वाडगा उचलून माझ्या डोक्यावर उपडा केला. प्लास्टर चटकन घट्ट होतं आणि घट्ट होताना तापतं. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण हे आतून कधी अनुभवलं नव्हतं. कात्रीने केस कापून काढावं लागलं.

त्यांचं काम बंद झालं. लॅबला निम्मं काम तेच देत होते. बरंच झालं. आता गाडीकडे नीट लक्ष देता येईल.

२८ एप्रिल

काळी घेतली! डबल केबिन, मागे टोइंगचा हुक. हुकावरचा स्टीलचा गोळा इतका चकाकतो की त्यात माझं तोंड दिसतं. टक्कल सोडल्यास रुबाबदार.

हिला म्हणालो, चल, चक्कर मारून येऊ. किल्ली दारामागच्या खिळ्याला होती. ती काढायला हात वर केला तशी ही चटकन मागे सरकली आणि कोपर तोंडापुढे धरलं. तिला बहुधा खिळा ढिला वाटला. ठोकून घेतला पाहिजे.

हिच्यावर मी आजवर कधी हात उगारलेला नाही. कपाटावर उगारलाय, भिंतीवर उगारलाय. ते वेगळं.

चक्कर एकट्याने मारली.

६ मे

रोजच्या वापराचा अनुभव: गाडी आमच्या पार्किंगच्या जागेत मावते. फक्त दार उघडत नाही. खिडकीतून निघावं लागतं. व्यायाम होतो. लॅबच्या गल्लीत वळत नाही, म्हणून मोठ्या रस्त्यावर लावून चालत जातो. अर्धं अंतर चालणंच होतं. तब्येतीला चांगलं.

१० मे, सकाळ

तळमजल्यावर एक रिटायर्ड हेडमास्तर राहतात. सकाळी त्यांची स्कूटर माझ्या बंपरखाली सापडली. मी पाहिली नव्हती. बॉनेट एवढं उंच असताना स्कूटर दिसावी ही अपेक्षाच चूक. त्यांनी मला खिडकीतून अर्धा बाहेर आल्यावर गाठलं. धड आत नाही, धड बाहेर नाही, हात अडकलेले. ते म्हणाले, सॉरी म्हण. मी म्हणालो, म्हातारपणी स्कूटर कशाला चालवता?

काडकन कानाखाली बसली. मग दुसऱ्या बाजूला. अनुभवी हात. सगळी बिल्डिंग गॅलरीत. मी पाय झाडले ते आतून गाडीच्याच समोरच्या काचेला लागले, आणि नवी काच, नवी कोरी काच, तडकली.

सुटका झाल्यावर मी त्यांची स्कूटर उचलून भिंतीवर फेकणार होतो. उचलली गेली नाही. कंबरेत लचक भरली. स्कूटर माझ्यावर पडली. हेडमास्तरांनीच ती बाजूला केली.

१० मे, संध्याकाळ

ही बॅग भरतेय. म्हणाली, बहिणीकडे जाते थोडे दिवस. मी विचारलं, थोडे म्हणजे किती? म्हणाली, घरात दार वाजलं की मी हातातलं टाकून उभी राहते, ते थांबेल तितके.

तिला हवापालट हवाय. उन्हाळा आहे.

१८ मे

घर शांत. कोणी काही बोलत नाही, त्यामुळे राग येण्याचा प्रश्नच नाही. मिक्सरवर आला, पण तो चालूच होत नव्हता. आता कधी होणारही नाही.

२३ मे

तलावाच्या ऑफिसचा फोन. दुरुस्तीसाठी पाणी उतरवणार आहेत, सगळ्या बोटी बाहेर काढा.

अखेर! याच दिवसासाठी ही गाडी. साडूला फोन करून सांगितलं, बोट मी काढतो, तुम्ही बघायला या. पलीकडून थोडी शिट्टी वाजली आणि तो म्हणाला, येतो, भाऊसाहेब, जपून या. तो घाबरलाय. हिलाही यायला सांगितलं. डोळ्यांनी बघेल, मग बॅग घेऊन परत येईल.

३१ मे

डावा हात, चमच्याने लिहिल्यासारखं अक्षर. उजव्या हाताला सलाइन. तोंड उघडत नाही.

जे घडलं ते असं. ट्रेलर मागे घेताना थोडा तिरका गेला आणि धक्क्याचा खांब आडवा झाला. खांब जुना होता. मेहुणी ओरडली, मग तिने डोळेच झाकून घेतले. पण तिसऱ्या खेपेला ट्रेलर पाण्यात बरोबर बसला. काळी नुसती घुमत होती, जोर तर लागतच नव्हता. आता बोट विंचने ट्रेलरवर ओढायची. ट्रेलरच्या तोंडाशी विंचचं लोखंडी हँडल असतं, ते फिरवलं की पट्टा गुंडाळतो आणि बोट वर येते. मी फिरवत होतो. बोट अर्धी वर आली. साडू बाजूला येऊन म्हणाला, भाऊसाहेब, आधी खटका लावा, हात सुटला तर हँडल उलटं फिरेल.

म्हणाला ते माझ्याच दातातून. मी केलेल्या कॅपमधून शिट्टी मारत मलाच शिकवतो!

मी मूठ उगारली.

ती मूठ हँडलवर होती.

पुढचं ऐकू आलं, दिसलं नाही. बोटीचं सगळं वजन मागे गेलं आणि हँडल पंख्यासारखं उलटं फिरलं. पहिल्या फेऱ्यात हनुवटी, दुसऱ्या फेऱ्यात तोंड. मी उतारावर पडलो. तोंडात खडे आहेत असं वाटलं, ते माझे दात होते. साडूने शर्ट काढून माझ्या जबड्याला बांधला, मला उचलून मागच्या सीटवर घातलं आणि माझं डोकं मांडीवर धरून बसला. त्याच्या बनियनवर माझं रक्त. मी त्याला एक लाथ मारल्याचं अंधूक आठवतं. त्याने पाय नुसता बाजूला केला आणि म्हणाला, राहू दे, राहू दे आता.

काळी हिने चालवली. ट्रेलर सोडून, हॉस्पिटलपर्यंत, एकही धक्का न लागता.

एक्स-रे हिनेच काढला. या वेळी मोडलं होतं. जबडा, दोन ठिकाणी.

३ जून

उरलेले वरचे आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधलेत. बोलणं बंद. स्ट्रॉने पातळ प्यायचं.

ही घरी परत आली. मी म्हणालो होतो ना, बोटीच्या दिवशी येईल.

१० जून

काळी रोज ही नेते. पहिल्या झटक्यात पार्क करते, हेडमास्तर तिला मागून हात दाखवतात. साडूने परवा काळीलाच जोडून बोट बाहेर काढली. गाडीची निवड अचूक होती, हे आता सगळे मान्य करतील.

१४ जून

संध्याकाळी साडू आणि मेहुणी आले. नंतर हेडमास्तरही. बाहेरच्या खोलीत खूप वेळ बसले. काहीतरी गंमत चालली होती, मला नीट ऐकू आलं नाही. ही मोठ्याने हसली. हसताना हिचा आवाज शेवटी असा चिरकतो हे मी विसरलो होतो. भिंतीवर थाप मारून गप्प करावं म्हणून हात उचलला. मग म्हटलं, ऐकू या जरा.

हल्ली दार वाजलं तरी ही पुस्तकातून मान वर काढत नाही.

१९ जून

तपासणी. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, गुरुवारी तारा काढून टाकू.

हिने विचारलं, काढायलाच हव्यात का? म्हणजे, अजून थोडे दिवस राहिल्या तर काही बिघडेल?

डॉक्टरांना वाटलं गंमत करतेय. ते हसले. ही हसली नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली, उत्तर हवं असल्यासारखी.

तारा नसत्या तरी मला काही सुचलं नसतं.