तांगीच्या जॅकेटवरचे पंख

केर्लान,
मंगळवार, ३ मे २०११

प्रिय गुलवेन,

गुडघा काय म्हणतोय? डॉक्टरकडे गेला नसाल, माहीत आहे. माझं बरं चाललंय. कालव्यावरचं धुकं हल्ली दहा वाजेपर्यंत उठत नाही. खिडकीत बसलं की तुमचं घर, पाण्याची दारं, पलीकडची झाडं, काहीच दिसत नाही. नुसता बोटींचा आवाज येतो, शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलावी तसा.

गेल्या गुरुवारी तुम्ही किती खूश होतात! संग्रहालयाने तुमचा सगळा संग्रह घेतला, म्हणजे आयुष्याचं चीज झालं. मी नीट अभिनंदनसुद्धा केलं नाही. कुट्टूचे घावन करपले आणि मी त्यांच्याशीच बोलत बसले.

तुम्ही म्हणालात, "माहारित, माझ्याकडच्या एकशे चाळीस गणवेश-बिल्ल्यांपैकी एकाचीच मी छातीठोक खात्री देतो. तुझ्या भावाच्या जॅकेटची." पहिल्यांदाच 'तुझ्या' म्हणालात. सफरचंदाच्या सिडरमुळे असेल. मी ग्लास भरला आणि बागेतल्या चेरींची गोष्ट काढली.

मग तुम्ही हसत सांगितलंत की संग्रह तपासायला पॅरिसहून एक मुलगी येणार आहे, तिच्या दिव्याखाली युद्धानंतरचा दोरा असला तर लख्ख चमकतो.

तेव्हापासून मला झोप नाही. म्हणजे झोप येते, पण तिच्यात सारखा चव्वेचाळीसचा तोच जून महिना येतो. मी सात वर्षांची आहे. पहाटे ओटच्या शेतात पांढरं पांढरं काहीतरी पसरलंय आणि मी आईला हाक मारते, "आई, वाळत घातलेल्या चादरी उडाल्या!" आई धावत येते, आणि त्या चादरीतून तांगी उठून उभा राहतो. चार वर्षांपूर्वी मासेमारीच्या बोटीतून इंग्लंडला पळालेला आमचा तांगी, पॅराशूटने आभाळातून आपल्याच शेतात. खरं तर तो दोन शेतं पलीकडे उतरला होता आणि रांगत आला होता. स्वप्नात मात्र तो रांगत नाही.

तो युद्धाबद्दल कधी बोलला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. जॅकेटच्या छातीवरचे, पॅराशूट सैनिकाचे दोऱ्याने भरलेले पंख त्याने स्वतःच उसवले आणि जॅकेट आमच्या गड्याला दिलं, थंडीत गाई पिळताना घालायला. पंख आईने शिवणाच्या डब्यात ठेवले. तो एकोणऐंशी साली गेला, तेव्हा शवपेटीचं झाकण लावायच्या आधी तिने ते त्याच्या स्वेटरच्या आतून टाचले. मला म्हणाली, "त्याचं आहे, त्याला नेऊ दे." ते पाहणारी मी एकटीच होते.

आता वाचलंत ना? अजून एकदा वाचा, मी थांबते.

पुढच्या वर्षी तुम्ही दारात आलात. बाजारात सापडलेलं जॅकेट हातावर, आत शाईने तांगीचं नाव. छातीवर लोकर जिथे विटली नव्हती, तिथे पंखांचा गडद आकार आणि सुईची भोकं. तुम्ही विचारलंत, "तेवढे पंख असतील का हो घरात?" 'नाही' म्हणायला एक क्षण लागला असता. तुम्ही टोपी उचलून निघून गेला असतात, पुन्हा कशाला आला असतात? मी म्हटलं, "माळ्यावर असतील. पंधरा दिवसांनी या."

नवे पंख भरायला बारा दुपारी लागल्या. दोरा पांढरा, फिकट निळा, गडद निळा. मग चहाच्या पाण्यात बुडवले, उन्हात टाकले, चुलीच्या राखेत चोळले. तुम्ही आलात, ते हातात घेऊन रडलात आणि म्हणालात, "तुम्हीच टाचा." मी जुन्याच भोकांतून सुई घातली. त्यानंतर तुम्ही दर गुरुवारी येत राहिलात.

सांगायचं ठरवून ठरवून एकतीस वर्षं गेली. एकदा अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच रविवारी प्लोएर्मेलच्या बाजारात तुम्ही नकली बिल्ले विकणाऱ्या एकाला सगळ्यांदेखत सुनावलंत, "मेलेल्यांच्या नावावर खोटं शिवणाऱ्याचे हात झडले पाहिजेत!" मी शेजारीच होते. मी हात खिशात घातले.

त्या मुलीने दिवा लावायच्या आत हे तुम्हाला माझ्याकडून कळावं. चारचौघांत तुमची मान खाली जायला नको. मला काय म्हणायचं ते म्हणा.

'उत्तराची वाट पाहते' असं लिहायचा हक्क नाही. पण सकाळी खिडकीत असते.

माहारित


कालव्यावरून,
मंगळवार, १७ मे

माहारित,

पत्र लिहायची सवय नाही. चुका काढू नका.

दोन गुरुवार आलो नाही. रागावलो होतो. अजून आहे. पहिल्या दिवशी तुमचं पत्र कालव्यात टाकायला निघालो, पण पाण्याची दारं बंद होती, पाणी थांबलेलं. ते तिथेच समोर तरंगत राहिलं असतं. परत आलो.

मग टाके मीच उसवले. पाऊण तास लागला, फार घट्ट घातलेत. खालची लोकर अजून कोरी आहे.

मुलगी आली तेव्हा तिने पेटी उघडायच्या आधी सांगून टाकलं. "पंख नकली आहेत आणि मला एकतीस वर्षं कळलं नाही." तिथले बिल्ले गोळा करणारे दोघे जुने जाणकार हसले. हसू दिलं. तिने विचारलं, कुणी केले? मी तुमचं नाव सांगितलं. लपवलं नाही. तेवढा सूड घ्यायचाच होता. तिने भिंग लावून मागची बाजू पाहिली आणि म्हणाली, "काय हात आहे बाईंचा!" नक्कल म्हणून तेही द्या, कपाटात ठेवू, असं तिचं म्हणणं. मी नाही म्हटलं. का, ते तिला सांगता आलं नाही. ते माझ्याकडे आहेत.

जॅकेट तसंच ठेवणार, रिकाम्या जागेसकट. खाली पाटी: 'पंख तांगीपाशी आहेत. आईने दिले.' चालेल ना? नसेल तर कळवा, बदलून घेतो.

घर रिकामं झालंय. भिंतींवर नुसते खिळे. बायको गेल्यावर मन थाऱ्यावर नसलं की मी त्या पंखांवर अंगठा ठेवून बसायचो. वाटायचं, तांगी धीर देतोय. कधी न पाहिलेला माणूस! काल तसाच बसलो होतो आणि लक्षात आलं, अंगठ्याखाली इतकी वर्षं तुमचे टाके होते. त्यावर अजून विचार करतोय.

जॅकेट आणून दाखवायचं, कुठे शिवण सुटली का बघा म्हणायचं, हे माझं निमित्त असायचं. शिवण कधीच सुटली नव्हती, तेही सांगून टाकतो. आता जॅकेटही नाही. तुझ्याकडे यायला माझ्यापाशी काहीच कारण उरलेलं नाही.

तरी येऊ?

गुलवेन