न उसवलेले टाके

भोपाळ,
ता. २ फेब्रुवारी १९५७

चि. बाळूस शामलाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आम्हाला क्वार्टर मिळालं, पण भिंती अजून ओल्या आहेत. सतरंजीतून गारवा वर येतो. यांच्या कचेरीतली निम्मी दप्तरं पेट्यांतच आहेत आणि पेट्या भलत्याच खोलीत. आमच्या चाळीत इंदूरच्या, रीव्याच्या, नागपूरच्या बायका आहेत. नळावर प्रत्येकीची जुनी राजधानी या नव्या राजधानीपेक्षा चांगली असते. मीही आपल्या ग्वाल्हेरच्या लष्करची बाजू सोडत नाही.

वेळ जावा म्हणून दोन जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली. पण शिवल्यावर सगळीकडे पापडासारखे फुगे आले. काय चुकतंय ते आईला विचारून कळव. बाळाची गोधडी मात्र तिच्याच हातची हवी. गेल्या वर्षी तिने शिवलेली ट्रंकेतच राहिली, ती नको. नवीन.

मला सातवा लागला. न्यायला कधी येतोस? तीन पत्रं पाठवली, आईची एक ओळ नाही. गेल्या वर्षी तिथेच माझं बाळ गेलं, म्हणून मी पुन्हा त्या घरात यायला नको, असं तिला वाटतं का? तसं असेल तर तसं लिही. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्यापेक्षा ते बरं.

तब्येत सांभाळ, आणि दुकानातून येताना आईचा विडा विसरू नकोस.

तुझी,
ताई


लष्कर, ग्वाल्हेर,
ता. ७ फेब्रुवारी १९५७

ती. माधवराव यांस बळवंतचा कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम आपल्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवीत आहे. आपण लिहिल्याप्रमाणे ताईला काहीच कळवलेले नाही. तिच्या मनाला धक्का बसता कामा नये, हे भोपाळच्या डॉक्टरीणबाईंचे म्हणणे मला पटते. पण ताईचे पत्र आले आहे. आई आपल्याला टाळते आहे असे तिला वाटू लागले आहे.

आईची उजवी बाजू संक्रांतीपासून गेली ती गेलीच. वाचा नाही. डाव्या हाताने खुणा करते. समोरच्या विजयाबाई दिवसा बसतात, मी दुकानातून आलो की मी. अशा घरात ताईचे बाळंतपण कोण करणार? आणि न आणावे तर काय सांगावे?

बाळाची गोधडी मी शिवायला घेतली आहे. हसू नये. आईच्या उशाशी बसून शिवतो. चुकले की ती मान हलवते, मग मी उसवतो. अशी मान हलवून हलवूनच तिने मला शिकवले. काल तिने माझ्या हातातली सुई ओढून घेतली आणि डाव्या हाताने कोपऱ्यात पाच-सहा टाके घातले. ते वेडेवाकडे झाले आहेत. तिने उसव अशी खूण केली. मी उसवले नाहीत.

पुढे काय करावे ते कळवावे.

आपला आज्ञाधारक,
बळवंत


लष्कर, ग्वाल्हेर,
ता. २० फेब्रुवारी १९५७

ती. सौ. ताईस बाळूचा सा. न. वि. वि.

आईचे डोळे दुखतात, वैद्यांनी लिहिणे-वाचणे बंद केले आहे, म्हणून तिची ओळ नाही. बाकी ती बरी आहे. तू काही मनात आणू नकोस. घराचे पत्रे काढले आहेत, दुरुस्ती आटोपली की न्यायला येतो. इकडे पुष्कळ घरांना कुलपे लागली. आपल्या गल्लीतले सदाशिवरावही कचेरीबरोबर तिकडेच गेले. संध्याकाळी बाड्याच्या चौकात ओळखीचे माणूस शोधावे लागते.

फुग्यांचे कारण आईने सांगितले. तू दोरा ओढतेस. दोरा कापडावर नुसता निजला पाहिजे. तीन-चार टाके झाले की अंगठ्याने ओळ पुढे सारायची. शिवण्याआधी लुगडी गरम पाण्यातून दोनदा काढ, खळ राहिली की कापड नंतर आटते. थर जमिनीवर अंथरून मधून कडेकडे हात फिरव आणि आधी मोठे कच्चे टाके घाल, तेही मधूनच सुरू करून. दोरा हातभराहून लांब घेऊ नये, गुंता होतो. त्याला मेण चोळले तर बरे. कोपऱ्यांत कापड दुहेरी घाल, गोधडी पहिल्यांदा तिथे फाटते. बाळाच्या गोधडीत जरीचा काठ नको आणि गाठ नेहमी दोन थरांच्या मध्ये लपवायची, म्हणजे अंगाला टोचत नाही.

बाळाची गोधडी या पत्रासोबत निराळ्या पार्सलाने पाठवली आहे. खालचा थर आईच्या निळ्या लुगड्याचा आहे. आईचे आशीर्वाद.

तुझा लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाळू


भोपाळ,
ता. १ मार्च १९५७

चि. बाळूस आशीर्वाद, वि. वि.

गोधडी मिळाली. पार्सल सोडल्याबरोबर ओळखलं. आईने जन्मात कधी खडूने रेघ आखली नाही. ती गोधडीवरच बसायची, शिवत शिवत मागे सरकायची, आणि तिची ओळ तिच्यासारखीच जरा कलत जायची. या ओळी तुझ्या आहेत. दुकानातली पट्टी घेऊन बसला असशील. खडू अजून पुरता गेलेला नाही.

आधी राग आला. मला वाटलं, आईने बाळासाठी सुईसुद्धा हातात घेतली नाही. गोधडी तशीच गुंडाळून परत पाठवणार होते.

मग कोपऱ्यातले ते टाके दिसले. एक लांब, एक आखूड, एक भलतीकडेच. बाळू, तू वहीत एक अक्षर चुकलं तर पान फाडणारा. असे टाके तू स्वतःचे ठेवशील? विजयाबाईंचे ठेवशील? ज्या माणसाचं उसवायला तुझा हात धजला नाही, असं त्या घरात एकच माणूस आहे. आणि तिचा हात असा चालतो आहे.

यांना समोर बसवून विचारलं. यांनी सांगितलं. मला धक्का बसला नाही. आई नकोच म्हणते आहे असं धरून महिनाभर जगले, तो धक्का मोठा होता.

शेजारच्या शालिनीताई सोमवारी लष्करला निघाल्या आहेत. मी त्यांच्याबरोबर येते. स्टेशनवर ये. पत्रे काढले असतील तर उघड्यावर झोपू.

ताई


लष्कर, ग्वाल्हेर,
ता. ८ मार्च १९५७

ती. माधवराव यांस कृ. सा. न. वि. वि.

ताई सुखरूप पोचली. प्रवासाचा त्रास झाला नाही. बाळंतपणाला विजयाबाई उभ्या राहतील. नर्सबाईंनाही सांगून ठेवले आहे. तरी आपल्याला रजा मिळेल तितक्या लवकर यावे. डॉक्टर आईच्या बाबतीत पाडव्यापुढचे काही बोलत नाहीत. मी विचारले तर त्यांनी बॅग बंद केली.

ताई आली तेव्हा आई जागी होती. आईने डावा हात ताईच्या पोटावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

नंतर ताईने गोधडी आईच्या अंगावर पसरली. आई एकेक ओळ बोटांनी चाचपत गेली. आपले टाके लागले तेव्हा थांबली, आणि उसव अशी खूण केली. ताईने नाही म्हटले. आईने पुन्हा केली. ताईने पुन्हा नाही म्हटले, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली की उसवायचेच असेल तर या मास्तरांच्या ओळी उसव, एकही श्वास घेत नाही. आईचा अर्धा चेहरा हसला.

तेव्हापासून आई रोज माझी एक ओळ दाखवते आणि मान हलवते. मी ती उसवतो आणि खडू न घेता पुन्हा घालतो. ताई उशाशी बसून दोऱ्याला मेण चोळते. ओळ पसंत पडली की आई डोळे मिटते आणि तो दिवस संपतो.

अजून पुष्कळ ओळी आहेत. मी भराभर उसवू शकतो, पण सावकाश उसवतो. ताईनेही मला घाई केलेली नाही.

आपली माया आम्हां तिघांवर असू द्यावी.

आपला,
बळवंत